वरच्या मजल्यावरचा उन्हाळा

होळी आठवड्यावर आली की आमच्या वसाहतीत माळ्यांवरचे कुलर खाली उतरतात. यंदाही उतरले. मी माझा कुलर गॅलरीत आडवा टाकला, जाळीतला जुना वाळा ओरबाडून काढला आणि पत्र्यावर तांब्याभर पाणी मारलं. भिजलेली धूळ, गंज, कुजका वाळा यांचा मिळून एक वास उठला आणि हातातला ब्रश तिथंच थांबला. नुसता वास असता तर नाक मुरडून कामाला लागले असते. पण त्याच्यामागून मागचा अख्खा उन्हाळा जिना चढून वर आला.

मी कामं उरकणारी बाई आहे. फाल्गुन लागला की यादी करते: कुलरची मोटर, माठ, वाळा, पन्ह्यासाठी कैऱ्या, खिडक्यांना लावायची तरटं, आबांची औषधं. एकेक काम झालं की त्यावर काट मारायची. यंदा यादी केली आणि तिच्याकडे बघत बसले. सगळ्या वस्तू वेळेत आणल्या तरी ज्याची भीती वाटते ते त्यांनी थांबत नाही, हे मागच्या वर्षी शिकून झालंय.

यवतमाळहून आर्णीकडे जाताना रस्त्यापासून आत, कपाशीच्या आणि तुरीच्या रानांच्या मधोमध विद्यापीठाचं आमचं केंद्र आहे. मी तिथल्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि कर्मचारी वसाहतीतल्या ब इमारतीत राहते. खाली चार घरं, वर चार. माझं वर. माझ्याबरोबर माझे वडील असतात, आबा. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. उभं आयुष्य रुई उडणाऱ्या त्या शेडमध्ये गेलं आणि ती रुई त्यांच्या छातीत राहिली. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे कुणाची परवानगी घ्यायची नव्हती.

वरच्या मजल्याचा उन्हाळा खालच्या मजल्याला कळत नाही. आमच्या डोक्यावर नुसता स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी, बाहेर जरा वारा सुटतो तेव्हा, ते सगळं खाली आमच्या अंगावर ओततो. दुपारी नळ सोडला तर येतं ते पाणी चहाला चालेल इतकं कढत असतं. उशी पालथी घातली तरी दुसरी बाजूही गरमच. विजेच्या बटणाला, कपाटाच्या कडीला, देवघरातल्या घंटीला हात लावताना पदर मध्ये घ्यावा लागतो. पाणी असेल तर कुलर चालतो, आणि वैशाखात पाणी दिवसाआड येतं. या सगळ्यात आबांचा श्वास. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना खरखर. मी स्वयंपाकघरात असले तरी माझा एक कान त्याच्यावर असतो. ते स्वतः त्याची थट्टा करायचे. म्हणायचे, "पट्टा ढिला झाला माहा. मशीन चालते, पण माल नाई काढत."

मागच्या फाल्गुनात पळस असाच पेटला होता तेव्हा विद्यापीठाकडून एक कागद आला. राहण्याच्या सोयीबद्दल आपण किती समाधानी आहात? पाणी, छत, भिंती, वीज, स्वच्छता, आणि प्रत्येकासमोर चौकोन. वैशाखात बाहेरून एक समिती येणार होती, तिच्यासाठी ही तयारी. माझ्याकडे ब इमारतीतल्या दुरुस्त्यांची यादी तयारच होती. ती घेऊन मी जिन्यात आले. आमच्या इमारतीचं जे काही ठरतं ते जिन्यातच.

तिथं शेजारचे राठोड बसले होते. ते केंद्रातल्या पंपावर ऑपरेटर आहेत, दोन मुली शाळेत, घर माझ्या भिंतीला भिंत लावून. त्यांनी माझी यादी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि परत दिली.

"मॅडम, कागद चांगला हाय. भजे बांधाले कामी येईन."

सगळे हसले. मी म्हटलं, "राठोडभाऊ, छत गळतं ते लिहायचं नाही का?"

"गयते ते बकेटीले सांगा. हापिसाले नाई." त्यांनी हनुवटीनं समोर दाखवलं. "तिकडे पाहा अन् मंग बोला."

समोर क इमारत होती. अजून आहे. तिथल्या लोकांनी एकदा छताचं प्लास्टर पडतं म्हणून लेखी तक्रार केली होती. अभियंता आला, हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून गेला. नंतर जो आदेश आला त्यात दुरुस्तीचा शब्दही नव्हता. इमारत धोकादायक आहे, घरं रिकामी करा, एवढंच. कुणी यवतमाळात भाड्यानं गेलं, कुणी आर्णीत, एक कुटुंब पुसदला सासुरवाडीला जाऊन राहिलं. आता क इमारतीच्या खिडक्यांतून कबुतरं आत-बाहेर करतात आणि दारांपुढं घाणेरी कमरेइतकी वाढली आहे. त्या घरांत मी हळदीकुंकवाला जात होते.

म्हणून आमच्या वसाहतीत सगळे समाधानी आहेत. वर्षभर कुरकुरतात, पण विचारलं की समाधानी. खालच्या मजल्यावरच्या सुनंदाताई मेश्राम मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. त्यांनी पेन मागून घेतलं आणि मोठ्यानं वाचत एकेका चौकोनात खूण केली. "पाणी, भल्ली समाधानी. भिंती, त्याईले ओल हाय, पण ओल म्हंजे उन्हाळ्यात गारवाच नाई का माय? समाधानी. संडासाचं दार, लागत नाई, पण चोर कायले येते तिथं? समाधानी." आम्ही इतके हसलो की खालून त्यांचे यजमान काय झालं म्हणून बघायला आले. मीही तशाच खुणा केल्या.

त्या खुणा पूर्ण खोट्या होत्या असं मला आजही म्हणता येत नाही. मी सकाळी प्रयोगशाळेत गेले की आबांच्या दारावरून दिवसात दहा माणसं जातात आणि त्यातली आठ डोकावतात. कुणी पाणी विचारतं, कुणी पेपर वाचून दाखवतं, राठोडांची धाकटी पाढे म्हणून दाखवते. बाहेर भाड्याचं घर मी शोधलं होतं. मिळतही होतं, खालच्या मजल्यावर, बाथरूमला टाइल्स लावलेलं. पण तिथं दिवसभर आबा आणि बंद दार, एवढंच उरलं असतं. शेजाराचा चौकोन त्या कागदावर असता तर मी अगदी मनापासून खूण केली असती.

चैत्रात आमच्या इमारतीतलं खालचं एक घर रिकामं झालं. तिथले गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले. त्याच दिवशी मी अर्ज लिहिला, आबांचे वैद्यकीय कागद जोडले आणि निवास विभागात जाऊन बसले. इतकी सोपी गोष्ट होती. वरचं घर सोडते, खालचं द्या. तीच इमारत, तेच शेजारी, फक्त डोक्यावर स्लॅबच्या जागी दुसरं कुणाचं तरी घर. आबांचा उन्हाळा निघाला असता.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, तुमच्या इमारतीचा अहवाल सगळ्यात चांगला आलाय. सगळेच्या सगळे समाधानी. तुम्हीसुद्धा. मग आता घर बदलून कशाला हवंय?"

"वडिलांना दम्याचा त्रास आहे साहेब. वर फार तापतं."

त्यांनी माझा फाल्गुनातला कागद काढून समोर ठेवला. 'छत व उष्णता' या ओळीसमोर माझीच खूण होती. "आता मी वर काय लिहू सांगा. शिवाय ते खालचं घर गेलं. समितीच्या लोकांना उतरायला खोली नाही, तिथं आपण अतिथी कक्ष करतोय. तुमच्याकडून कसलीच मागणी नव्हती म्हणून दुरुस्तीचा पैसा तिकडे वळवला."

मी चहा घेतला. चहा गोड होता. 

पंधरवड्यात खालच्या घराला रंग लागला, पडदे लागले, एसी आला. एसीचा बाहेरचा डबा बसवायला कारागिरांना एकच सोयीची जागा दिसली, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली. चाचणी म्हणून त्यांनी तो एक दुपारभर चालू ठेवला. रिकाम्या खोलीत गारवा आणि त्याची सगळी गरम वाफ माझ्या खिडकीतून आत, आबांच्या पलंगावर. मी खिडकी लावली तर श्वास कोंडायचा, उघडली तर भट्टी. आबा उशीला टेकून म्हणाले, "कुंदे, खाली कोन राह्यते?"

"कुणी नाही आबा."

"मंग गार कोनासाठी करून राह्यले?"

मी तरट भिजवायला गेले.

दुपारी त्यांना सुनंदाताईंकडे ठेवायचं असं ठरलं. त्यांच्या पुढच्या खोलीत चटई टाकली, पंखा दिला. काही दिवस बरे गेले. मग आबाच नाही म्हणाले. त्या घराला खोल्या दोनच, आणि सासऱ्याच्या वयाचा परका माणूस पुढं झोपलेला म्हणून सुनंदाताईंची नवी सून दुपारभर स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहायची. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबांच्या आलं. "पोरगी आमसुलासारखी सुकून राह्यली थे," म्हणाले. "मी वरच बरा."

संध्याकाळी मात्र त्यांना खाली न्यायचंच. राठोड आणि मेश्रामभाऊ खुर्चीसकट उचलायचे. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरपी व्हायची, आबा दांडा घट्ट धरायचे आणि ओरडायचे, "बारात निघाली रे माही!" खाली सुनंदाताई कमरेवर हात ठेवून तयार. "आले बाप्पा नवरदेव! पाय धुवाले पानी नाई, पण या." कडुनिंबाचा मोहर गळायचा, त्याचा कडसर गोड वास, पन्ह्यात वेलदोडा, लांब कुणाच्या तरी रानात पऱ्हाट्या उपटल्याचा धुरळा. त्या तासाभरात आबांची शिट्टी जवळजवळ बंद व्हायची. त्या वेळी मी कुणाला तरी मनातल्या मनात म्हणायचे, एवढंच दे, वरचं काही नको. मग अंधारायचं आणि खुर्ची वर जायची.

पऱ्हाटीची कल्पना आबांची. कपाशी वेचून झालेली, वावरातून उपटलेली वाळकी झाडं बांधावर फुकट पडून असतात. ती गच्चीवर अंथरली तर ऊन स्लॅबला शिवणार नाही. राठोडांनी बैलगाडी आणली. पोरींपासून मेश्रामभाऊंपर्यंत सगळे गच्चीवर. आबा पलंगावरून सूचना देत होते आणि मी जिन्यात उभी राहून त्या वर पोचवत होते. एक थर उभा, एक आडवा. मधून हवा खेळली पाहिजे. दाबू नका, रुई भरून नाई राह्यलो आपन. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढून छताला तळहात लावला. लावून ठेवता आला. मी तशीच उभी राहिले, हात वर, जणू छप्पर मीच धरलंय. आबा झोपले होते. दुपारी, वैशाखात, झोपले होते.

समिती यायच्या दोन दिवस आधी आदेश आला. गच्चीवरचा कचरा तातडीनं हटवावा. वसाहत विद्रूप दिसते आणि आगीचा धोका आहे. आगीचा धोका खरा होता, मी ते नाकारत नाही. पण त्याच्या जागी काय, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीच चढवलेली पऱ्हाटी आम्हीच खाली फेकली.  काटक्या खाली आपटताना कोरडा आवाज यायचा. संध्याकाळी मी छताला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

समितीतल्या एक बाई खरंच वर आल्या. बाकीचे खालीच थांबले. त्यांच्यामागे निवास विभागाचे साहेब, जिन्यात राठोड, सुनंदाताई, सगळे. बाईंनी रुमालानं मान पुसली, माझ्या घरात आल्या आणि चांगल्या आवाजात विचारलं, "काय आजोबा, इथं कसं वाटतं? काही अडचण?"

मी ठरवलं होतं. रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले.

"झकास हाय जी." एक शिट्टी. "पोरीचं घर हाय. शेजार हाय." एक शिट्टी. "मानसाले आनखीन का लागते?"

बाई हसल्या. आबांच्या हातावर हात ठेवला आणि खाली गेल्या. मी आबांकडे बघितलं तर ते छताकडे बघत होते.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आबांचे ओठ निळे झाले. राठोडांनी त्यांना पाठीवर घेतलं, खुर्ची शोधत बसले नाहीत. केंद्राची जीप यवतमाळला निघाली तेव्हा रस्त्यावरचं डांबर चिकट झालं होतं आणि मी आबांच्या तोंडावर ओला रुमाल धरून त्यांचे श्वास ऐकत होते. एक गेला की पुढचा येईपर्यंत मी माझाही धरून ठेवायचे. दवाखान्यात नळी लागली. संध्याकाळी त्यांनी ती जरा बाजूला केली.

"मी तसं काहून बोललो, समजलं का तुले?"

"माझं घर जाऊ नये म्हणून."

"तुहं?" त्यांनी मान हलवली. "तू कुठंबी राह्यशीन. राठोडाच्या पोरी शायेत हायेत ना बाई. थ्यो कुठी जाईन?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आकाश भरून आलं, हवा उतरली आणि आबा घरी आले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. आता परत पळस. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात मला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं. फुप्फुसं यापुढे तेवढी उष्णता सोसणार नाहीत. या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर ठेवू नका. खालचा अतिथी कक्ष समिती गेल्यापासून बंद आहे. पडदे ओढलेले. मी रोज त्याच्या दारावरून जाते.

आणि कागद परत आला आहे. तेच चौकोन.

मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. "मी यंदा खरं लिहिणार आहे. आधी सांगितलेलं बरं."

कुणी हसलं नाही. राठोड उठून उभे राहिले. "म्हंजे? हातोडीवाला येईन, माहीत हाय ना तुमाले? एका आबासाठी सात घरं उठवता का मॅडम?"

"राठोडभाऊ, मागच्या वर्षी काय झालं ते तुम्ही पाहिलंय."

"पाह्यलं. म्या पाठीवर नेलं त्याईले. पण माह्या पोरी? मोठीचं धावीचं, बोर्डाचं वर्ष हाय. कुठं नेऊ त्याईले, वावरात?"

 सुनंदाताई पायरीवरचा निंबाचा पाला पदरानं झाडत राहिल्या. मी वर आले तर आबा जागे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "नोको लिहू कुंदे," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मी ऐकलं नाही. खरं लिहिलं तर काय होईल ते मला ठाऊक नाही. कदाचित ते खालची खोली देतील, कदाचित स्लॅबवर काही थर घालतील, कदाचित आम्हा सगळ्यांनाच बाहेर काढतील. खोटं लिहिलं तर काय होतं ते मला पाठ आहे.

त्या संध्याकाळी राठोड नेहमीप्रमाणे आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वाकले, खुर्चीची त्यांची बाजू उचलली, वळणावर सांभाळून तिरपी केली. आबाही बारातीचं काही म्हणाले नाहीत.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कागद देऊन आले. साहेबांनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चहा मागवला नाही. घरी येऊन कुलरला नवा वाळा भरायला बसले. किती घरांचे चेहरे डोळ्यांसमोर येऊन जात होते. आत आबांचा श्वास चालू होता. अजून होळीसुद्धा व्हायची आहे आणि शिट्टी सुरू झालीय.

दारावर थाप पडली. राठोड. अंगावर अजून पंपावरचेच कपडे होते. ते चौकटीला टेकून उभे राहिले, आतल्या पलंगाकडे बघून घेतलं.

"मॅडम, खोके हायेत का तुमच्यापाशी? मोठे. भांडे भराचे हायेत."

"कशाला भाऊ?"

"कायले म्हंजे?" ते एकदम चिडले. "म्या बी लिहून आलो ना आत्ता. ठेवतात का हाकलतात, थे त्याईचं थे पाहातीन. सामान त बांधून ठेवा लागन."

 हातातला वाळा सगळा खाली सांडला होता. राठोड जायला वळले, जिन्याच्या तोंडाशी थांबले आणि मागं न बघता म्हणाले,

"अन् दोन खोके जास्त पाह्यजा. सुनंदाताईले बी लागतीन."